हद्दवाढ आणि ऐकून घेण्याचा हक्क

कल्याणहून अंबरनाथला जाणारी लोकल उल्हासनगर ओलांडल्यावाचून अंबरनाथला पोहोचत नाही. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत मात्र कल्याण, डोंबिवली व अंबरनाथ होते आणि मधले उल्हासनगर तेवढे नव्हते. जून १९८२ च्या मसुद्यात ही चारही शहरे एकत्र होती. मग सव्वा वर्षात असे काय घडले?

महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीने उखडलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. एकदा घरदार गमावलेल्या समाजाला आपले नवे गाव दुसऱ्या शहरात विरून जाईल अशी धास्ती वाटली, तर त्यात नवल नाही. हा समाज संघटित होता. तो न्यायालयात गेला, शासनाने त्याचे म्हणणे ऐकले आणि उल्हासनगर वगळले गेले. इतरांच्या वाट्याला असे ऐकून घेणे आले नाही. साहजिकच या निर्णयालाही आव्हान मिळाले आणि उच्च न्यायालयाने शासनाला फेरविचार करण्यास सांगितले. पण जुलै १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. महानगरपालिकेची स्थापना करणे हे प्रशासकीय नव्हे, तर कायदा करण्याच्या स्वरूपाचे कार्य आहे. म्हणून मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्यापलीकडे कोणाची सुनावणी घेण्यास शासन बांधलेले नाही, असे त्या निकालाचे सार होते.

या तर्कातील मेख येथेच आहे. विधिमंडळात कायदा होतो तेव्हा निदान सभागृहात चर्चा होते, विरोधी पक्ष उभा राहतो, मतदान होते. शहराची हद्द मात्र मंत्रालयातून निघणाऱ्या एका अधिसूचनेने बदलते. म्हणजे कार्य कायदेमंडळाचे मानायचे आणि ते करायचे खात्याने! अशा व्यवस्थेत ज्यांच्यापाशी संघटना आणि वकिलाची फी आहे, त्यांचेच ऐकले जाण्याचा संभव अधिक. १९९२ मध्ये अंबरनाथही कल्याणमधून बाहेर पडले आणि १९९६ मध्ये उल्हासनगरची स्वतंत्र महानगरपालिका झाली.

हद्दवाढच मुळात अन्यायाची, असे मात्र म्हणता येणार नाही. शहराचे रस्ते, रुग्णालये आणि बाजार वापरायचे आणि कराची वेळ आली की वेशीबाहेर राहायचे, ही सोय बड्या बिल्डरांना नेहमीच हवी असते. पाणी आणि सांडपाणी गावची वेस मानीत नाहीत. प्रश्न आहे तो ज्यांना सामावून घ्यायचे त्यांच्या संमतीचा.

कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांनी या प्रश्नाची पुरी किंमत मोजली आहे. २००२ मध्ये ती महापालिकेतून वगळली गेली. १ जून २०१५ रोजी पुन्हा घातली गेली आणि त्याच वर्षी ती बाहेर काढण्याचा मसुदाही निघाला. २०२० मध्ये त्यांतील अठरा गावांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरले, तेव्हा तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. गाव महापालिकेत गेले की ग्रामसभा संपते. घरपट्टी वाढते. नळाला पाणी येईपर्यंत मात्र वर्षे जातात आणि तक्रार घेऊन जाण्यासाठी सरपंचाचे दारही उरत नाही. ज्या गावाला आपण कोणत्या कारभारात आहोत हेच दर काही वर्षांनी नव्याने कळते, त्या गावाने रस्त्याची मागणी तरी कोणाकडे करावी?

नुसते मतदान घेऊनही न्याय होईलच असे नाही. अमेरिकेत पिट्सबर्गने शेजारचे अ‍ॅलेघेनी शहर १९०७ मध्ये सामावून घेतले, तेव्हा दोन्ही शहरांची मते एकत्र मोजली गेली होती. अ‍ॅलेघेनीच्या बहुमताचा नकार मोठ्या शहराच्या होकारात बुडाला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ते वैध ठरवले.

म्हणून १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातच दुरुस्ती हवी. सामील होणाऱ्या गावाचे वा शहराचे मत स्वतंत्र मोजले जावे. ग्रामसभेचा ठराव झुगारायचा असेल, तर शासनाने त्याची कारणे लेखी देऊन ती विधिमंडळापुढे ठेवावीत. आणि पाणी, गटारे व शाळा यांचा कालबद्ध आराखडा जाहीर झाल्याखेरीज वाढीव घरपट्टीचे बिल कोणाच्याही दारात जाऊ नये.