महासंगणक आला, आज्ञावली सांभाळणाऱ्यांचे काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये हातकणंगले तालुका दोन नद्यांच्या पुरात सापडला. वरच्या अंगाला वारणा, खालच्या अंगाला पंचगंगा. निलेवाडी-खोचीची माणसे आणि रुई-इचलकरंजीची माणसे त्या दिवसांत एकच प्रश्न विचारीत होती : पाणी आणखी किती चढणार? राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. परंतु बंधाऱ्यावरचा आकडा आजचे पाणी सांगतो. गोठ्यातली जनावरे केव्हा हलवायची, यंत्रमागाचे सूत माडीवर केव्हा चढवायचे, हे ठरवायला उद्याचा आकडा लागतो. तो आज शास्त्रीय आज्ञावलीतून, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्यातून येतो. ती आज्ञावली कोण लिहितो, कोण सांभाळतो आणि त्याच्या श्रमाचे मोल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा नाही. तो आपलाही आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्रार्पण झाली. पूर्वीचा अंदाज सुमारे १२ किलोमीटरच्या जाळीवर होई. हा ६ किलोमीटरच्या जाळीवर होतो. अंतर निम्मे झाले एवढेच वरकरणी दिसते. पण त्यामुळे जाळीतील घरे चौपट होतात, शिवाय काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे आकडेमोड सुमारे आठपट वाढते. त्यासाठी महासंगणक हवा, हे राज्यकर्त्यांना चटकन पटते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला आणि २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन मोहिमेसाठी ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र यंत्राची फीत कापता येते, आज्ञावलीच्या डागडुजीची कापता येत नाही. आणि खरी आबाळ तेथेच होते.

ही डागडुजी म्हणजे काय? हवामानाच्या प्रतिकृतींचा मोठा भाग आजही फोर्ट्रान या १९५७ साली आलेल्या संगणकभाषेत आहे. यंत्राची जात बदलली की हजारो ओळी नव्याने बसवाव्या लागतात. त्या बसविणाऱ्याला संगणक कळून भागत नाही. ढग, वारा आणि बाष्प यांचे गणितही कळावे लागते. बँकेच्या आज्ञावलीत व्याज चुकले तर चूक ताबडतोब दिसते, कारण बरोबर उत्तर ठाऊक असते. शास्त्रात उत्तर शोधायचेच असते. तेव्हा चूक आज्ञावलीत आहे की निसर्गाविषयीच्या आपल्या समजुतीत, हे ओळखणे कठीण. अशा कामाला वर्षानुवर्षे टिकणारा गट लागतो. प्रत्यक्षात हे काम बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेल्या तरुणांकडे असते. बढती शोधनिबंध मोजून मिळते. दुरुस्त केलेल्या आज्ञावलीला त्या मोजमापात स्थान नाही. मुदत संपली की तो तरुण कंपनीत जातो, आणि त्याच्याबरोबर सारी जाणही जाते.

मी स्वतः हे पाहिले आहे. ऊस उत्पादनखर्चाच्या एका पाहणीसाठी आमच्या एका विद्यार्थ्याने उत्तम आज्ञावली लिहिली. प्रकल्प संपला, मुलगा नोकरीला लागला, विभागातला संगणक बदलला. पुढल्या पाहणीच्या वेळी ती चालविणारा कोणी उरला नव्हता. विद्यापीठाने नवा संगणक दिला. माणूस दिला नाही.

तपासणीची हेळसांड किती महाग पडते, याचे उदाहरण माझ्याच विषयात आहे. अमेरिकेतील राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का होतो. युरोपात कल्याणकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष डोक्यावर घेतला. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने २०१३ साली मूळ कोष्टक मिळवून तपासले, तेव्हा संगणकातील सूत्रातून पाच देश गळालेले आढळले; आकडेवारीची निवड आणि भारांकन यांतही दोष होते. दुरुस्तीनंतर तोच दर २.२ टक्के निघाला. कोष्टक खुले झाले म्हणूनच चूक सापडली.

तयार वस्तू विकत घ्यावी, असा सल्ला कोणी देईल. कृष्णा-भीमा खोऱ्यांच्या पूर-अंदाजासाठी जागतिक बँकेच्या साह्याने आपल्या जलसंपदा विभागाने डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेची ‘माइक’ ही प्रणाली घेतलीच होती. विकत घेणे हे पाप नव्हे. परंतु नदीचे पात्र बदलते, नवे पूल आणि भराव होतात. त्यानुसार प्रतिकृती बदलण्याची विद्या आपल्या माणसांच्या हाती नसेल, तर विकत घेतलेली प्रणाली काही वर्षांत निरुपयोगी होते. कंपनी करारात लिहिलेले देते. शास्त्राला पुढे काय लागेल हे करारात आधी लिहिता येत नाही.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. एके काळी डाव्या चळवळीने संगणकाकडे केवळ बेकारी आणणारे यंत्र म्हणून पाहिले. त्या भीतीत तथ्य होते. पण संगणकामागे बसणारा हाही श्रमिकच आहे, हे आपण पुरेसे ओळखले नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून अशा लोकांनी ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ हे नाव घेऊन मान्यतेसाठी संघटित प्रयत्न सुरू केले. कामाला नाव मिळाल्यावाचून हक्क मागता येत नाही, ही तर कामगार चळवळीचीच शिकवण!

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक संशोधन संस्थांत या कामासाठी कायम पदे आणि बढतीची वाट हवी. प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चात पुढील देखभालीची तरतूद हवी. जनतेच्या पैशातून झालेली आज्ञावली, संरक्षणाचा अपवाद सोडता, जनतेला खुली हवी. आणि नदीकाठच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या प्रत्येक बैठकीत बोटी किती, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : पुराचा अंदाज देणारी आज्ञावली यंदा कोण सांभाळतो आहे, आणि पुढल्या वर्षी तो नोकरीत असणार आहे काय?