जमिनीतील कर्बाचा हिशेब आणि आपली घाई

प्रात्यक्षिकाचा वाफा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एका हंगामाचे चित्र उभे राहते. पेरणीच्या वेळी पाटी लावावी, सुगीच्या सुमारास गावकऱ्यांना बोलावून दोन्ही बाजूंची कणसे दाखवावीत आणि उत्पन्नाचा आकडा अहवालात नोंदवून पुढच्या गावी जावे, अशी आपली रीत आहे. बियाण्याच्या बाबतीत ती वावगी नाही. परंतु प्रश्न जमिनीच्या कसाचा असेल तर हीच रीत कशी फसवी ठरते, हे एका परक्या देशातील वनाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

अमेरिकेच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथील पीटरशॅम या गावी हार्वर्ड विद्यापीठाने १९०७ साली संशोधनासाठी एक वन राखले. हे वन म्हणजे काही आदिम अरण्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या भागातील बहुतेक रान तोडून तेथे शेते व कुरणे करण्यात आली होती. पुढे शेतकरी पश्चिमेकडील सुपीक प्रदेशात आणि शहरांत निघून गेले, शेते ओस पडली व झाडे आपोआप परत आली. ओक आणि मेपल वृक्षांच्या बुंध्यांमधून जुन्या शेतांचे दगडी बांध तेथे अजूनही गेलेले दिसतात.

या वनात १९९१ साली जेरी मेलिलो या परिसरशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. हवामान तापत गेल्यास रानाच्या मातीचे काय होईल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी प्रत्येकी ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद असे १८ वाफे आखले. एक-तृतीयांश वाफ्यांत १० सेंटिमीटर खोलीवर, सुमारे वीतभर अंतराने, विजेच्या तारा पुरल्या आणि ती माती शेजारच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सियसने अधिक उबदार ठेवली. हिवाळ्यात भोवतालचे रान बर्फाने पांढरे होई, आणि या वाफ्यांवर मात्र बर्फ वितळून पाचोळा उघडा पडे. दुसऱ्या एक-तृतीयांश वाफ्यांत तारा पुरल्या, पण त्यांत वीज सोडली नाही. तारा पुरताना माती खणावी लागते. तेव्हा फरक पडला तो उष्णतेमुळे की खणण्यामुळे, हे कळावे म्हणून ही योजना. उरलेल्या वाफ्यांना हातच लावला नाही. आपल्याकडील तुलनेचा वाफा बहुधा बांधालगतच्या हलक्या कोपऱ्यात असतो, हे येथे कबूल केलेले बरे.

झाड हवेतील कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, घेऊन आपले अंग वाढवते. पाने गळतात, मुळ्या मरतात आणि जमिनीतील जीवाणू व बुरशी यांना ते खाद्य होते. खाताना ते श्वासावाटे कर्बवायू पुन्हा हवेत सोडतात. जे उरते त्यालाच आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो. जगातील मातीत साठलेला हा कर्ब, वातावरणातील आणि सर्व वनस्पतींतील कर्बाच्या बेरजेहूनही अधिक आहे. माती तापली की जीवाणूंची भूक वाढते. मातीतून अधिक कर्बवायू सुटला तर हवा आणखी तापेल, आणि हवा तापली की माती पुन्हा अधिक सोडेल. असे हे फिरते चक्र होय.

प्रयोगाच्या पहिल्या दहा वर्षांत तापवलेल्या वाफ्यांतून कर्बवायू झपाट्याने सुटला आणि नंतर तो जोर ओसरला. सहज कुजणारा साठा संपला, आता जीवाणूंचे काही चालणार नाही, असे दिसू लागले. शिवाय सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यातील नत्र मोकळे होते. ते झाडांना मिळून त्यांची वाढ होईल आणि जमिनीची तूट भरून निघेल, अशीही आशा होती. २००२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो याच दिशेचा, म्हणजे बराचसा दिलासा देणारा होता.

हे संशोधक तेथेच थांबले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. दहा वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. परंतु त्यांनी वीज बंद केली नाही. सुमारे सात वर्षे तापवलेल्या आणि न तापवलेल्या वाफ्यांत विशेष फरक दिसेना. मग २००८ च्या सुमारास तापवलेली माती पुन्हा अधिक कर्बवायू सोडू लागली. मधल्या काळात जमिनीखाली जीवाणूंची वस्तीच बदलली होती. लाकडातील लिग्निनसारखा कठीण पदार्थही पचवू शकणारे जीव पुढे आले होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. काही वर्षांनी हा दुसरा जोरही मंदावला. २०१७ साली सव्वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटर थरातील १७ टक्के कर्ब निघून गेल्याचे दिसून आले.

याच वनातील झाडांचा हिशेब मात्र अगदी निराळा आहे. सबंध वन हवेतून जो कर्ब ओढून घेते, त्याचा वेग १९९२ ते २०१५ या काळात जवळजवळ दुप्पट झाला. शंभर वर्षांच्या आसपासचे ओक अजून वाढत होते आणि पानांचा हंगामही लांबला होता. रानात उभे राहून पाहणाऱ्याला तेथे केवळ भरभराट दिसावी. कणगी वरून भरत आहे आणि आपण समाधानाने पाहत आहोत. तळाशी घूस लागली आहे की काय, हे खाली वाकून कोण पाहतो? झाडांची भर खोटी नाही. परंतु केवळ झाडे मोजून जमिनीचा हिशेब पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यात २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला होता. रोपांची मोजदाद झाली. त्या झाडांखाली पाचोळा राहतो की पेटवला जातो, याची नोंद ठेवण्यासाठी मात्र आपल्या नमुन्यांत रकाना नसतो. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. तणाचे बी मरते, राख मिळते, म्हणून शेतकरी तो भाजतो. त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. पण टाहाळ, पाला आणि शेण यांतील कर्ब एका दुपारी हवेत जातो, हा खर्चही त्याच्यापुढे मांडला पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ते १७ टक्के थंड प्रदेशातील वनाच्या मातीचे आहेत. आपली काळी जमीन, आपला मुरमाड माळ यांचा स्वभाव निराळा. म्हणून तो आकडा उचलून कोणी आपल्या सभेत सांगू नये. घ्यावयाची आहे ती मोजण्याची चिकाटी.

लेखकाने स्वतः ती दाखवली नव्हती. एका गावी तागाच्या हिरवळीच्या खताचे प्रात्यक्षिक घेतले होते. दोन वर्षांनी मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्बाचा आकडा हलला नाही, म्हणून ते बंद केले. ज्यांचे शेत होते ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, दोन दिवस वैरण घालून दूध वाढलं नाही, म्हणून गाय दावणीची सोडता का?” त्या वेळी हसून वेळ मारून नेली, उत्तर आजही सापडलेले नाही.

२०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा छापून येऊ लागला, ही चांगली सोय झाली. परंतु त्या योजनेच्या आरंभीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना, असे प्रमाण होते. म्हणजे पत्रिका आपली आणि माती शेजाऱ्याची, असेही घडू शकले. शिवाय दोन पत्रिका शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्याला नाही. नवी आली की जुनी फडताळात जाते. यासाठी शेतकरी बांधवांनी पुढील खेपेस नमुना देताना जुनी पत्रिका सोबत आणावी. नमुना त्याच पट्ट्यातून, तितक्याच खोलीवरून आणि पीक निघाल्यानंतर घ्यावा. झाडाखालची, बांधाजवळची व उकिरड्याशेजारची माती टाळावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून द्यावेत, आणि फरक न दिसल्यास निराश होऊन काम सोडू नये. जुनी पत्रिका हरवली असेल तर या वर्षापासून एक वही घालावी; पहिल्या पानावर वर्ष, गट क्रमांक, नमुन्याची खोली आणि कर्बाचा आकडा एवढेच लिहिले तरी चालेल.