ज्वारीला भाव आहे, गिऱ्हाईक कोठे आहे?

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘श्रीअन्न’ असे भारदस्त नाव मिळाले, मेजवान्या झडल्या. नामकरणाने पोट भरत नाही, हे मात्र बारशाच्या गडबडीत विसरले गेले.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मालदांडी ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३७४९ रुपये ठरविला. परंतु भाव ठरविणे निराळे आणि त्या भावाने माल उचलणे निराळे. १९६५ साली स्थापन झालेल्या अन्न महामंडळाची गोदामे, वाहतूक व हिशेब हे सारे गहू-तांदळाभोवतीच उभे राहिले. तुटवड्याच्या त्या काळी ते योग्यही होते. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलोसाठी रांगेत उभी राहिलेली पिढी त्याची साक्ष देईल. तुटवडा सरला, घडी तीच राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किलोला एक रुपया दराने भरडधान्य देण्याची तरतूद होती, आणि २०२३ पासून तर हे धान्य फुकट आहे. तथापि रेशनच्या पिशवीत पडतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळच. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले खरे, पण तेजी आली तर तेथील शेतकऱ्याचे नशीब, मंदी आली तर त्याने व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे!

दोष नियमांचाही होता. राज्याने खरेदी केलेले भरडधान्य तीन महिन्यांत वाटून संपविले पाहिजे, असा दंडक होता. नाचणी वर्षानुवर्षे टिकते, हे कोकणातल्या कोणत्याही आजीबाईने दिल्लीस सांगितले असते. २०२१ च्या अखेरीस ही मुदत ज्वारीस नऊ व नाचणीस दहा महिने अशी वाढविण्यात आली. उशिरा का होईना, अडसर दूर झाला.

ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागांत नाचणीची लागवड वाढविली; इतकेच नव्हे, तर ती आधारभावाने विकत घेतली, रेशनवर दिली व अंगणवाडीच्या लाडवांतही घातली. पिकविणारे, दळणाऱ्या बायका आणि खाणारी मुले एकाच मुलखातली. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. जिल्ह्यात पिकलेले धान्य जिल्ह्यातच विकत घेऊन शाळेच्या भोजनात व रेशनवर देण्यासाठी केंद्राने आहे त्याच रकमेतला काही वाटा राखून ठेवावा. ज्वारीचा आधारभाव गव्हाहून अधिक आहे, हा आक्षेप खोटा नाही. मात्र पंजाबचा गहू येथवर आणण्याचे भाडे आणि साठवणीचा खर्चही त्याच वहीत मांडावा, म्हणजे बेरीज पुरी होईल.

घरोघर भाकरी थापणारे हात कमी झाले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. आमचेही घर त्याला अपवाद नाही. पण शहरातल्या वाण्याकडे ज्वारी गव्हाहून महाग झाली असताना गरिबाने ती आवडीने खावी, असा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? येत्या हंगामाचा खरेदीचा प्रस्ताव केंद्राकडे धाडताना राज्य सरकारने त्यात ज्वारी-नाचणीचे आकडे किती आणि कोणत्या जिल्ह्यांसाठी घातले, ते जाहीर करावे.