सीलिॲक मुलाचा नाश्ता: खोक्याचा भरवसा आणि गिरणीचा

सीलिॲक आजारात गहू, जव (बार्ली) किंवा राय यांतले ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल किरकोळ राहते, उंची खुंटते, रक्त कमी भरते. पोट मात्र कित्येकदा फुगलेले असते. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, हाच उपचार. निदान झाल्यावर घरात पहिला पेच पडतो तो सकाळच्या नाश्त्याचा, कारण बिस्किटे, पाव, शेवया, उपमा, शिरा, चहा-पोळी ही सगळी मंडळी गव्हाचीच.

या पेचावर दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले बाजाराचे: कॉर्नफ्लेक्स आणा, ओट्स आणा, मोठ्या दुकानातले खोके आणा. दुसरे घरातल्या वडीलधाऱ्यांचे: आपले पोहे आणि भाकरी असताना काळजी कसली, त्यात कुठे आला गहू? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पदार्थ कोणत्या धान्याचा एवढे विचारून भागत नाही. ते धान्य शेतापासून ताटलीपर्यंत कोणत्या वाटेने आले, हेही विचारावे लागते.

या दोन मतांआधी तिसऱ्या एका समजुतीचा निकाल लावलेला बरा, कारण ती दोन्ही पक्षांत सारखीच रुजलेली आहे. ‘एखादे बिस्किट खाल्ले तर काय होतेय?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो आणि बरेचदा त्या दिवशी खरोखरच काही होतही नाही. पोट दुखत नाही, जुलाब होत नाहीत. पण लक्षणे आणि आतड्याची इजा बरोबरीने चालत नाहीत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात बरे झालेल्या प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन दिले गेले, आणि तेवढ्यानेही आतड्याचे अस्तर बिघडल्याचे दिसले. रोजचे 10 मिलिग्रॅम बहुतेकांना सोसते, असे सामान्यतः मानले जाते. पावाच्या एका कापात ग्लुटेन ग्रॅममध्ये मोजावे लागते. ‘थोडेसे’ हे माप इथे निरुपयोगी आहे.

‘मोठेपणी आपोआप जाते’ ही समजूतही जुनी आहे आणि एके काळी डॉक्टरांचीही होती. अमेरिकेत सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली, पण श्रेय केळ्यांना गेले; गहू ताटातून गेल्याचा हा परिणाम आहे हे ध्यानात आले नाही आणि मुले बरी झाली असे समजून पाव परत सुरू होई. गव्हाकडे नेमके बोट दाखवले ते नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला होता; ते अनुभव आणि पुढचे प्रयोग यांवर त्यांचा 1950 चा प्रबंध उभा आहे.

आता बाजाराचा पक्ष. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, मक्यात ग्लुटेन नाही, म्हणून कॉर्नफ्लेक्स चालतात: या तीन पायऱ्यांतली तिसरी निसरडी आहे. नेहमीच्या कॉर्नफ्लेक्सना तो खमंग तपकिरी स्वाद येतो माल्टच्या अर्काने, आणि माल्ट म्हणजे बहुधा मोड आणून भाजलेला जव. खोक्याच्या पुढच्या बाजूला पिवळेधमक कणीस असते. ‘माल्ट’ हा शब्द मागे, बारीक अक्षरांत, साखर आणि मीठ यांच्या आसपास बसलेला असतो. ‘प्रमाण किती थोडे’ असा बचाव केला जातो. पण माल्टच्या अर्कात जवाच्या प्रथिनांचे तुकडे झालेले असतात आणि ग्लुटेन मोजण्याची नेहमीची चाचणी तुकडे कमी मोजते, त्यामुळे अहवालातला लहान आकडाही पूर्ण दिलासा देत नाही. दुधात घालायच्या पौष्टिक म्हणवणाऱ्या पावडरींपैकी अनेकींत हाच माल्ट असतो, काहींत गहूही.

ओट्सचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. ओट्समधले प्रथिन वेगळे असते आणि शुद्ध ओट्स बहुतेक सीलिॲक रुग्णांना चालतात. थोड्यांना मात्र तेही सोसत नाहीत. खरी अडचण ‘शुद्ध’ या शब्दाची आहे. ओट्स गव्हा-जवाच्या शेजारी पिकतात, त्याच यंत्रांनी कापले जातात, त्याच मालगाड्यांतून येतात. अमेरिकेत चीरिओज या लोकप्रिय न्याहारीने 2015 मध्ये ग्लुटेनमुक्त असल्याची जाहिरात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुमारे 18 लाख खोकी परत मागवावी लागली. कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथल्या कारखान्यात ओट्सच्या पिठाच्या यंत्रणेत गव्हाचे पीठ शिरले होते. एवढ्या मोठ्या कंपनीची, एवढ्या गाजावाजातली चूक! ऑस्ट्रेलियात तर ओट्स असलेल्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायला कायद्याने परवानगीच नाही. तेव्हा किराणा दुकानातल्या साध्या पाकिटातले ओट्स सीलिॲक मुलासाठी बाद समजावेत. ग्लुटेनमुक्त म्हणून तपासलेले ओट्ससुद्धा आतडे सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि थोडे थोडे करूनच सुरू करावेत.

म्हणून सगळी खोकी टाकाऊ ठरत नाहीत. ‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दाला भारतातही कायदेशीर अर्थ आहे: किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादाही तीच. अशा न्याहारीची 30 ग्रॅमची वाटी खाल्ली तर जास्तीत जास्त 0.6 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते, म्हणजे काळजीच्या रेषेच्या कितीतरी खाली. ‘गहूविरहित’ हे शब्द मात्र याची जागा घेऊ शकत नाहीत. जव तिथे राजरोस असू शकतो. आणि खोक्याविरुद्ध खरा आक्षेप वेगळाच आहे: तांदूळ-मक्याचे स्टार्च आणि साखर यांपलीकडे त्यातल्या पुष्कळांत काही नसते, तर मुलाला आधीच लोह-कॅल्शियमची खोट असते आणि नेमके तेच हवे असते.

मग घरचे बरे? इथे परंपरेच्या पक्षाची बाजू जड वाटते. पोहे, तांदळाची उकड, घावन, आंबोळी, नाचणीचे सत्त्व, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, वरीचा सांजा: महाराष्ट्र-गोव्याच्या स्वयंपाकघरात गहू नसलेली न्याहारी शोधायला जावे लागत नाही. उपवासाच्या पदार्थांनी तर ही सोय शेकडो वर्षे नकळत सांभाळली. पण ज्वारी निर्दोष असली म्हणून ज्वारीचे पीठ निर्दोष ठरत नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत सकाळपासून गहू दळला जातो. जात्याच्या फटींत, नळकांड्याला बांधलेल्या कापडी बोळ्यात, खालच्या डब्यात कणीक बसलेली असते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीचे पहिले पीठ ती घेऊन उतरते. एक किलो ज्वारीत अवघा एक ग्रॅम कणीक मिसळली तरी 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लुटेन झाले, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या चार-पाच पट. गिरणीवाल्याने ‘आधी थोडे तांदूळ टाकून साफ केले’ म्हणणे हा त्याचा चांगुलपणा झाला, खात्री नव्हे. पाकीटबंद पिठांचीही हीच गत असू शकते. अमेरिकेत 2010 मध्ये मूळचीच ग्लुटेन नसलेली 22 धान्ये आणि पिठे तपासली, तर सात नमुने 20 च्या मर्यादेत बसले नाहीत.

थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू मुद्दाम घालतात, हे ‘भाजणी पौष्टिक असते’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आणि सगळ्यांत लबाड वाटेकरी बसलेला असतो तो मिसळणाच्या डब्याशेजारच्या डबीत. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ यांचे मिश्रण. हे पीठ अनेकदा गव्हाचे असते. समजा चिमूटभर म्हणजे 200 मिलिग्रॅम हिंग फोडणीत पडला आणि त्यात निम्मा मैदा असला, तर आठ-दहा मिलिग्रॅम ग्लुटेन कांदेपोह्यांत गेले. चार ताटल्यांत ते वाटले गेले तरी मुलाच्या वाट्याला दोन मिलिग्रॅम येतातच. पुढे आमटी आणि भाजी आहेच. खडा हिंगही हमखास निर्भेळ नसतो. तांदळाच्या पिठाचा, ग्लुटेनमुक्त असे छापलेला हिंग घ्यावा, नाहीतर फोडणी जिरे-कढीपत्त्यावर भागवावी. पोह्यांचे काही बिघडत नाही.

तेव्हा परंपरेच्या पक्षाला दुरुस्ती सुचवायची ती एवढीच, पण ती बारकाईची. धान्य पीठरूपात न घेता अख्खे घ्यावे. नाचणी, ज्वारी, तांदूळ ताटात पसरून निवडावेत. गव्हाचा दाणा वेगळा दिसतो. मग दोन-तीन पाण्यांत धुऊन वाळवावेत आणि घरघंटीवर किंवा मिक्सरमध्ये दळावेत. त्या घरघंटीत गहू कधीच पडता कामा नये. राजगिऱ्याचा दाणा फार बारीक, निवडायला अवघड, म्हणून तो तरी तपासलेल्या पाकिटातला असावा. लाह्या भट्टीवरून आणायच्या तर तिथे त्याच वाळूत गहूही भाजतात का, हे आधी विचारावे. पोहे सुट्या पोत्यातून घेऊ नयेत. शेजारी रव्याचे पोते असते आणि माप एकच.

नाचणीचा कैवार खास घ्यावा लागतो. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतर कोणतेही रोजचे तृणधान्य तिच्या जवळपास येत नाही. भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळली की ती पचायला हलकी होते आणि तिच्यातले लोहही शरीराला अधिक मिळते. दुधात गुळाबरोबर शिजवलेली वाटी सकाळी पाच मिनिटांत तयार होते. निदानानंतर सुरुवातीला दूध सोसत नसेल तर ताकातली आंबील चालते. मुलाला खोक्यातल्यासारखे कुरकुरीत हवे असते, हा हट्ट खोटा नाही. त्यासाठी राजगिरा किंवा ज्वारीच्या लाह्या, भाजलेले दाणे आणि मनुका डब्यात भरून ठेवाव्यात; वर दूध ओतले की मुलाचे समाधान होते.

एवढे सांभाळूनही घोटाळा होतो तो ओट्यावर. सकाळी सातला एका बाजूला डब्याच्या पोळ्या लाटल्या जात असतात, पिठी उडत असते, आणि त्याच तव्यावर घाईत घावन पडते. मुलाचा तवा, उलथने, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा असलाच पाहिजे. चाळणीच्या जाळीतली आणि लाकडी पोळपाटातली कणीक धुऊन निघत नाही. घावन पोळ्यांच्या आधी घातले तर निम्मा प्रश्न सुटतो.

संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करून पाहणे मात्र चुकीचे. टीटीजी ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासणे, हे मूल गहू खात असतानाच व्हायला हवे. नंतर निदान अडते. आहार सुरू झाल्यावर टीटीजीचा आकडा महिन्यांगणिक उतरत जायला हवा. तो उतरत नसेल तर मुलाने चोरून खाल्ले असा आरोप करण्याआधी घराने आठवडाभराची यादी करावी: हिंग कोणता, पीठ कुठले, दुधातली पावडर कोणती, शाळेत कुणाच्या डब्यातला घास, पूजेच्या प्रसादाचा रव्याचा शिरा. ही यादी आहारतज्ज्ञापुढे ठेवली की चूक बहुधा सापडते.