विश्लेषण : हॅरिस की ट्रम्प? २७० चे गणित कुणाला सोपे होते?

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. जो बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी तत्कालीन उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे आली. रिपब्लिकन पक्षातर्फे तेव्हाचे माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सलग तिसऱ्यांदा रिंगणात होते. मतदानापूर्वी देशव्यापी जनमत चाचण्यांच्या सरासरीत हॅरिस किंचित पुढे दिसत होत्या. तरीही त्यांचे पारडे जड आहे, असे म्हणण्याचे धाडस फारसे कुणी करत नव्हते. असे का?

देशभरातील आघाडीला फारसा अर्थ का नाही?

अमेरिकेत अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक ‘इलेक्टोरल’ मते असतात. अशी एकूण ५३८ मते असून विजयासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता सर्वत्र, राज्यात ज्याला जास्त मते त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते मिळतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात हॅरिस लाखो मतांनी जिंकल्या काय किंवा एका मताने, फरक शून्य. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते मिळाली होती, तरी अध्यक्ष ट्रम्पच झाले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून जेमतेम ७८ हजार मतांच्या फरकाने ते जिंकले आणि तेवढे पुरले.

लढत नेमकी कुठे होती?

बहुतेक राज्यांचा कल आधीच ठरल्यासारखा होता. तो गृहीत धरला तर हॅरिस यांच्या खात्यात २२६ आणि ट्रम्प यांच्या खात्यात २१९ मते जमा होत होती. उरलेली ९३ मते सात राज्यांत होती : पेन्सिल्व्हेनिया (१९), नॉर्थ कॅरोलिना (१६), जॉर्जिया (१६), मिशिगन (१५), ॲरिझोना (११), विस्कॉन्सिन (१०) आणि नेवाडा (६). या सातही राज्यांत दोघांमधील अंतर चाचण्यांच्या त्रुटीच्या मर्यादेत होते.

हॅरिस यांचा मार्ग कोणता होता?

सर्वांत सरळ मार्ग मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनियाचा होता. ही ४४ मते मिळाली असती, तर बेरीज बरोबर २७० झाली असती. मात्र, यात नेब्रास्कातील ओमाहा शहराच्या मतदारसंघाचे एक मत धरलेले होते. ते निसटले असते, तर गाडी २६९-२६९ वर अडली असती. अशा वेळी निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. लहान-लहान रिपब्लिकन राज्यांची संख्या पाहता ही वाट ट्रम्प यांना सोयीची होती. म्हणूनच नेब्रास्काची सर्व मते एकाच उमेदवाराला मिळावीत, यासाठी रिपब्लिकन नेत्यांनी सप्टेंबरमध्ये प्रयत्न करून पाहिले. ते फसले.

...आणि ट्रम्प यांचा?

त्यांचे गणितही तितकेच नेमके होते. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि पेन्सिल्व्हेनिया मिळून ५१ मते होतात. २१९ मध्ये ती मिळवली की पुन्हा २७०. नॉर्थ कॅरोलिनात २००८ मधील बराक ओबामांनंतर एकही डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकलेला नाही. जॉर्जियात ट्रम्प २०२० मध्ये केवळ ११ हजार ७७९ मतांनी हरले होते. दोघांच्याही सोप्या मार्गात पेन्सिल्व्हेनिया होते आणि दोघांच्या सर्वाधिक सभा तेथे का झाल्या, याचे उत्तर यातच होते. ते हातचे गेले असते, तर हॅरिस यांना दक्षिणेतील किमान एक आणि आणखी एक राज्य जिंकून भरपाई करावी लागली असती.

मतदार कशावर मत देणार होते?

महागाई हे ट्रम्प यांचे मोठे भांडवल होते. महागाईचा दर जून २०२२ मधील ९.१ टक्क्यांवरून २०२४ मध्ये निवडणुकीपूर्वी अडीच टक्क्यांच्या खाली आला होता. पण दर उतरला म्हणजे वाढलेल्या किमती खाली आल्या, असे नाही. किराण्याचे बिल मतदाराला रोज दिसते. मेक्सिकोच्या सीमेवरून होणारे स्थलांतर हा त्यांचा दुसरा मुद्दा होता. गर्भपाताचा देशव्यापी घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काढून घेतला, हा हॅरिस यांच्या प्रचाराचा कणा होता. ॲरिझोना आणि नेवाडात याच प्रश्नावर त्याच दिवशी सार्वमतही होते. मात्र, मिशिगनमधील अरब-अमेरिकी मतदार गाझा युद्धामुळे डेमोक्रॅटिक पक्षावर नाराज होते. पेन्सिल्व्हेनियात ‘फ्रॅकिंग’ पद्धतीने वायू काढण्याच्या उद्योगावर अनेकांची रोजीरोटी आहे. त्यावर बंदी आणण्याची २०१९ मधील भूमिका हॅरिस यांनी तेव्हा सोडली असली, तरी प्रतिस्पर्धी ती विसरू देत नव्हते.

चाचण्यांवर किती विसंबायचे?

२०१६ आणि २०२० मध्ये चाचण्यांनी ट्रम्प यांना कमी लेखले. २०१२ मध्ये ओबामांना कमी लेखले होते. चूक कोणत्या बाजूची असेल, हे आधी सांगता येत नाही. पण ती सहसा सगळीकडे एकाच बाजूला होते. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांनी १९९२ पासून प्रत्येक वेळी एकाच पक्षाला कौल दिला आहे. म्हणजे चाचण्या अटीतटीच्या असल्या तरी निकाल तसाच लागेल असे नाही. दोन-तीन टक्के मते एका बाजूला झुकली, तर सातही राज्ये एकाच्याच झोळीत पडू शकत होती.

निकाल केव्हा कळणार होता?

पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची छाननी मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत सुरूच करता येत नाही. २०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झाले आणि चित्र स्पष्ट व्हायला ७ तारीख उजाडली. त्या चार दिवसांत मतचोरीच्या आरोपांना खतपाणी मिळाले आणि त्याचे टोक ६ जानेवारी २०२१ ला संसदेवरील हल्ल्यात दिसले. तेव्हा ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधील फरक मिळून ४३ हजार मतांचाही नव्हता. २०२४ मध्येही अंतर असेच राहिले असते, तर कोण जिंकले याइतकाच हरलेला पक्ष ते मान्य करतो का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला असता.