बँकॉकची खानावळ चालते, मग आपली गाडी का खुपते?

मंडळी, ‘अभ्यास दौऱ्या’ला बँकॉक गाठणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी एकदा तिथल्या गल्लीतल्या खानावळीत जेवून यावं. पाच-सहा टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, समोरच पेटलेली कढई. बस्स! डिसेंबर २०१७ मध्ये मिशेलिनची बँकॉकसाठी पहिली यादी आली, त्यात एक स्टार सत्तरी ओलांडलेल्या जे फाय यांच्या अशाच साध्या दुकानाला मिळाला. बाई गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट स्वतः तळतात.

पॅड थाई जगभर पोचलं ते आपोआप नाही. महायुद्धाच्या काळात पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारनं ते उचलून धरलं. २००२ साली थाई सरकारनं परदेशात थाई हॉटेलं वाढवायची मोहीमच काढली. धुतल्या तांदळाचे तेही नाहीत, बँकॉकमध्येही फुटपाथवरचे विक्रेते हुसकावले गेलेत. पण खाण्यात देशाची कमाई आहे, हे त्यांना कळलं.

आपल्याकडे? भाषणात मिसळ-वडापावचा अभिमान आणि दुसऱ्या दिवशी अतिक्रमण पथक दारात! २०१४ चा पथविक्रेता कायदा स्पष्ट सांगतो: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवायचं नाही आणि समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत. आपल्या गावात ही समिती शेवटची कधी बसली? आधी पाणी, कचराकुंडी, ठरलेली जागा द्या, मग स्वच्छतेसाठी खुशाल दंड करा.

तुमच्या नगरसेवकाला हेच विचारा. काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.