जरा डावीकडे सरका!

रात्रीचे साडेअकरा. माझी रूममेट लॅपटॉपसमोर, शेजारी थंडगार मॅगी, चेहऱ्यावर सुतक. सकाळी रिलीज आणि बिलाचा हिशेब चुकतोय. सूट फक्त जुन्या ग्राहकांना मिळायला हवी, मिळतेय सगळ्यांनाच!

'अगं, तू तरी बघ एकदा.'

मी? मासकॉमवाली? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपलं म्हटलं, 'छान तर दिसतंय. ओळी कशा एकाखाली एक!'

'तोच तर प्रॉब्लेम आहे,' म्हणत तिने चार बटणं दाबली. तिच्या विम नावाच्या एडिटरमध्ये जी, जी, बरोबरचं चिन्ह आणि कॅपिटल जी. अख्खी फाइल झटक्यात नीट लागली आणि एक ओळ, एकच, गपकन डावीकडे सरकली. 'सापडली!'

प्रकरण साधं आहे. सी भाषेत ओळीआधी किती जागा सोडलीय याच्याशी कंप्युटरला काही देणंघेणं नसतं. 'इफ'नंतर महिरपी कंस नसला, तर ती अट फक्त पुढच्या एका वाक्याला लागू. दुसरं वाक्य कितीही आत ढकलून लिहा, ते सगळ्यांसाठी चालणार. ऑटो-इंडेंट भाषेचे नियम बघून मार्जिन सोडतं. म्हणजे तुमच्या मनात काय होतं ते नाही, कंप्युटर काय समजणार आहे ते दिसतं. (बॉसच्या ईमेलसाठी असं बटण कुणी काढेल का?)

हसू नका, ॲपलचीही अशीच फजिती झाली होती. 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ 'इफ'च्या आत असल्यासारखी दिसायची, पण होती बाहेर. त्यामुळे सुरक्षित वेबसाइटची सही तपासण्याची पायरीच गाळली जायची. फेब्रुवारी २०१४मध्ये आयफोनसाठी घाईघाईने ७.०.६ अपडेट काढावं लागलं. २०१६च्या जीसीसी ६ कंपायलरमध्ये तर अशा फसव्या मार्जिनसाठी खास वॉर्निंगच आली.

पायथनवाल्यांनो, तुमचं मात्र उलटं. तिथे मार्जिन हाच अर्थ, त्यामुळे ओळ आत हवी की बाहेर हे एडिटर बिचारा कुठून सांगणार?

मला वाटलं, झालं काम. तर बाईसाहेबांनी 'यू' दाबून फाइल होती तशी वेडीवाकडी केली!

'अगं, का?'

'सेव्ह केली तर दीड हजार ओळी माझ्या नावावर बदललेल्या दिसतील. त्यातली खरी दुरुस्ती कोण शोधणार? उद्या काही फुटलं की माझ्याच नावाने शिमगा.'

तिने फक्त दोन कंस टाकले. फाइल आवरायचं काम वेगळं, रिलीजनंतर, टीमला सांगून. साडेबाराला लॅपटॉप बंद झाला. मॅगी मी संपवली.